नेटचा स्पीड वाढवायचे जालीम उपाय: खरे किती, थापा किती?

कापूसकोंड्या
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात गाव, घरी फायबरचं कनेक्शन, प्लॅन ४० एमबीपीएसचा. पोरगी नीटची तयारी करते. तिचे लेक्चर अन् टेस्ट सगळं मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर चालतं. हिवाळ्यात सुरळीत होतं. उन्हाळा लागला तसं नेट रखडायला लागलं. लेक्चरमध्ये सरांचं तोंड उघडं राहते ते उघडंच.

परवा नागपूरहून भाचा आला. त्यानं व्हिडिओ पाहून पाहून बरंच काही केलं. विंडोजनं म्हणे २० टक्के स्पीड स्वतःसाठी दाबून ठेवलेला असतो, तो मोकळा केला. डीएनएस बदलून ८.८.८.८ टाकला. टेम्प, परसेंट टेम्प, प्रीफेच सगळं उडवलं. एक 'बूस्टर' सॉफ्टवेअर टाकलं. वरून राऊटरच्या मागे पोळ्या गुंडाळायची चांदी लावली. "आता पळते पाहा मामा," म्हणाला. दुपारी पुन्हा तेच.

यातलं खरं काय अन् थाप काय, जाणकारांनी सांगावं.

फुकट_फौजदार
पहिला उपाय: भाच्याला नागपूरच्या बसमध्ये बसवा. त्याचा मोबाइल वायफायवरून उतरला की स्पीड आपोआप वाढेल.

जुना_मोडेम
२० टक्केवाली थाप अजून जिवंत आहे हे पाहून डोळे पाणावले. ही विंडोज एक्सपीच्या काळातली, म्हणजे २००१ नंतरची. विंडोजच्या ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगमध्ये 'राखीव बँडविड्थची (लाइनच्या क्षमतेची) मर्यादा' अशी एक नोंद दिसते आणि तिथे २० लिहिलेलं असतं. लोकांनी अर्थ काढला की मायक्रोसॉफ्ट आपला पाचवा हिस्सा खातं. प्रत्यक्षात एखाद्या प्रोग्रामने 'मला प्राधान्य द्या' असं मागितलं, तर त्याला जास्तीत जास्त किती द्यायचं, एवढाच तो आकडा. कोणी मागितलं नाही तर सगळीच्या सगळी लाइन बाकीच्यांना मोकळी असते, आणि मागणाऱ्याने वापरली नाही तरी मोकळीच. मायक्रोसॉफ्टने हे तेव्हाच स्पष्ट केलं होतं, पण खुलासा वाचतो कोण.

गंमत म्हणजे घरच्या कॉम्प्युटरात बहुधा विंडोज होम असतं. त्यात ग्रुप पॉलिसीची ती खिडकीच येत नाही. भाच्याने नेमकं काय मोकळं केलं ते त्यालाच विचारा.

डायल-अपवाले दिवस आठवले. ५६ केबीपीएसचा मोडेम आणि त्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, आकडे बदलून 'रिसीव्ह विंडो' (एका दमात किती माहिती घ्यायची ती मर्यादा) वाढवायचे प्रयोग. त्या काळी काही लाइनींवर त्याचा थोडा उपयोगही व्हायचा. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोज ते आपलं आपणच जुळवून घेतं. व्हिडिओ बनवणाऱ्यांना मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मोडेमभौ, थाप कशी म्हणता? म्या सोताच्या हातानं केलं ते २० टक्क्याचं. फरक पडला म्हंजे पडला. आधी पेजच उघडे ना, मंग धाडकन उघडाले लागलं.

जुना_मोडेम
ठेचाभाऊ, केल्यावर कॉम्प्युटर बंद-चालू केला होता ना? तो फरक त्याचा.

वऱ्हाडी_ठेचा
केला होता. राऊटरबी केला होता, लाइनच गेली होती तवा.

फुकट_फौजदार
मी साक्षीदार म्हणून सही करतो.

संत्राबर्फी
आमच्याकडे वेगळाच वाद. ह्यांनी कनेक्शनवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले, की ३० चा प्लॅन घेतला आणि डाउनलोड पावणेचारनेच होतंय, तुम्ही लुटता. तो बिचारा समजावून थकला. प्लॅन सांगतात मेगाबिटमध्ये आणि ब्राउझर दाखवतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे ३० भागिले ८, पावणेचार. पूर्ण स्पीड मिळत होता हो! एक जीबीची फाइल ३० च्या लाइनवर साडेचार मिनिटांत उतरली, तर समजायचं सगळं ठीक आहे.

हे लेखी गणित करून फ्रिजवर चिकटवलंय. तरी दर महिन्याला बिल आलं की 'लुटता' सुरूच.

पुण्यात_विदर्भी
डीएनएस बदलण्याला सरसकट थाप म्हणू नका. मी १.१.१.१ हा डीएनएस लावल्यावर साइट्स खरंच पटकन उघडायला लागल्या. ती सेवा २०१८ पासून आहे, गूगलची ८.८.८.८ तर २००९ पासून. जगभर लोक वापरतात, सगळेच काही वेडे नाहीत.

जुना_मोडेम
तुमचं बरोबर आहे, फक्त कशापुरतं ते बघा. डीएनएस साइटचं नाव घेऊन तिचा पत्ता काढून देतो. तिथे वेळ लागत असेल तर क्लिक केल्यावर पान उघडायला सुरुवात व्हायलाच उशीर होतो, तेवढा उशीर कमी होईल. एकदा पत्ता मिळाला की व्हिडिओ येतो तो तुमच्या लाइनवरून. ४० ची लाइन ४०च राहते. कापूसकोंड्यांच्या सरांचं तोंड मध्येच अडकतं, सुरुवातीला नाही. त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही.

उलट क्वचित तोटाही होतो. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपला माल ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवतात आणि डीएनएसच्या उत्तरावरून तुम्हाला जवळचा सर्व्हर देतात. परका डीएनएस लावल्यावर कधी लांबचा पदरात पडतो.

पुण्यात_विदर्भी
एवढं मान्य.

सेलूची_सून
चांदीबद्दल कोणीच बोललं नाही. मीही वाचलं होतं की बिअरचा डबा कापून राऊटरच्या अँटेनामागे लावला की सिग्नल वाढतो. पण आमचा वर्धा जिल्हा. दारूबंदी. डबा आणायचा कुठून?

फुकट_फौजदार
ताई, डब्याची काळजी करू नका. दारूबंदीच्या जिल्ह्यात रिकामे डबे कुठे सापडतात ते कोणत्याही गुराख्याला विचारा.

जुना_मोडेम
पत्र्याने लहर परत फिरते हे खरं आहे. मागे जाणारा सिग्नल पुढे वळतो. म्हणजे पुढच्या खोलीत थोडा वाढला तर मागच्या खोलीत तेवढाच घटतो. एकूण वाढत काहीच नाही. आता कापूसकोंड्यांनी सांगावं, चांदी राऊटरच्या कोणत्या अंगाला लावली आहे? कॉम्प्युटर मागच्याच खोलीत आहे म्हणून विचारतो.

कापूसकोंड्या
मागच्या अंगाला. 😐

वऱ्हाडी_ठेचा
भाच्यानं मामाच्या पोरीचा रस्ताच बंद केला राजेहो!

केंद्रचालक
मी सेवा केंद्र चालवतो, तालुक्याचं नाव सांगत नाही. माझ्याकडे दोन वेगवेगळी कनेक्शनं आहेत. स्पीड टेस्ट लावली तर काटा पार शेवटाला. तरी फॉर्म भरायची शेवटची तारीख आली की अर्ध्या वेळेला पेज फिरत राहतं. गिऱ्हाईक म्हणते, "तुमचं नेट बेकार हाय, चौकातल्याकडे जातो." चौकातल्याकडेही तेच फिरत असतं. त्याच्याकडचा माणूस माझ्याकडे येतो.

साऱ्या राज्याची माणसं एकाच संध्याकाळी एकाच सर्व्हरवर तुटून पडली की तो सर्व्हरच हळू होतो. आपल्या घरून १०० काय अन् ३०० काय, काही फरक नाही. हे ओळखायचं कसं? तीच वेळ, तोच कॉम्प्युटर, दुसरी कोणतीही साइट उघडून पाहा. ती धडाधड चालली तर तुमच्या नेटला शिव्या देऊ नका. पहाटे या, पाच मिनिटांत फॉर्म होतो. मी तर आता दारावर पाटीच लावली: 'फिरतंय ते आमचं नाही.'

संत्राबर्फी
पाटी फार आवडली. आमच्या घरातही लावता येईल.

फायबरवाला_पोऱ्या
आपण घरोघरी जाऊन लाइन जोडणारा माणूस. टेबलावर बसून ज्ञान देत नाही, पाहिलेलं सांगतो.

पहिलं. लोक उरलेली पिवळी वायर दारामागच्या खिळ्याले गोल गोल घट्ट गुंडाळून ठेवतात, घर नीट दिसावं म्हणून. त्या तारेत काच आहे भाऊ, अन् प्रकाश जातो. वेढा लहान झाला की प्रकाश वाकणावर बाहेर पडतो. प्रकाश मोजायचं मीटर लावलं की आकडा उणे २० च्या आसपास असला तर बरा. उणे २७ च्या खाली गेला की लाइन कधी असते कधी नसते. अन् लाल लाइट लागला म्हणजे प्रकाश पोचूनच नाही राहिला. मग तुम्ही कॉम्प्युटरात काहीबी करा. वेढा ताटलीएवढा मोठा ठेवा, बस.

दुसरं, वानरं. आमच्याकडे काळ्या तोंडाची. खांबावरची केबल म्हणजे त्यांचा झोका. एक टोळी आली की दोन दिवस माझा फोन वाजत राहतो. एका घरी कापूसकोंड्याभाऊच्या भाच्यासारखाच हुशार गडी होता. त्यानं विंडोजच नवीन टाकलं. इकडे केबल अंगणातल्या चिंचेवर लोंबून राहिली होती.

तिसरं. शंभरच्या वरचा प्लॅन घेतात अन् टेस्ट ९४ च्या वर जात नाही म्हणून भांडतात. वायर उघडून पाहा. नेटच्या वायरीत आठ तारा असतात. स्वस्तातल्या वायरीत किंवा घाईत मारलेल्या जोडात चारच लागतात. चार तारांवर १०० च्या पुढं जातच नाही. विहिरीवर पाच एचपीची मोटर अन् पाइप अर्ध्या इंचाचा, तसा प्रकार आहे तो.

जुना_मोडेम
एक नंबर प्रतिसाद. एकच भर घालतो. जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनवर अंतराचा मोठा परिणाम होता. एक्सचेंजजवळ राहणाऱ्याला २० च्या वर मिळायचं आणि पाच किलोमीटरवरच्या शेतातल्या घराला एक-दोन मिळाले तरी पुष्कळ. अनेक लोक अजून तोच हिशोब फायबरला लावतात, की 'आमचं घर गावाबाहेर म्हणून स्पीड कमी'. फायबरला एवढ्या तेवढ्या अंतराचा फरक पडत नाही. प्रकाश पुरेसा पोचला की स्पीड तोच.

आणि तेव्हा भारतात 'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचे माहिती आहे? २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस. ती व्याख्या २ एमबीपीएसवर यायला २०२३ उजाडलं.

मेळघाटी_मोर
तुम्ही सारे फायबरवर भांडता. आमच्याकडे धारणीच्या पुढे कुठे टॉवर, कुठे छत्री. मी जिथे नोकरी करते तिथे गच्चीवर उपग्रहाची छत्री आहे. उपग्रह साधारण ३६ हजार किलोमीटर वर, त्यामुळे कोणतंही क्लिक वर जाऊन खाली यायला आणि उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या वरच लागतो. डाउनलोड एकदा सुरू झालं की बरं चालतं, पण व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलतात, मग दोघं एकाच वेळी थांबतात. हा उशीर कोणतंही बूस्टर कमी करू शकत नाही. प्रकाशाचा वेग काही रिचार्जने वाढत नाही.

घरी डोंगल आहे. त्याबद्दलची थाप सांगते. बाजारात सोनेरी रंगाचं स्टिकर मिळतं, मोबाइलच्या पाठीवर लावायचं, 'नेटवर्क वाढते' म्हणून. आमच्या कामवाल्या बाईंनी विकत घेतलं होतं. ते नुसतं स्टिकर आहे, बाकी काही नाही.

खरा उपाय मात्र फुकटासारखाच आहे. डोंगल थेट कॉम्प्युटरला खोचू नका. यूएसबीची लांब वायर घ्या आणि डोंगल टॉवरच्या बाजूच्या खिडकीत उंचावर टांगा. टिनाच्या छताखाली अन् खिडकीत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि दांड्या मोजत बसू नका. चार दांड्या असूनही संध्याकाळी आठ वाजता सगळं गाव मोबाइलवर असलं की टॉवरच भरलेला असतो.

रिफ्रेश_मास्तर
निवृत्त शिक्षक. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की सुरू केल्यावर आधी उजवं क्लिक करून चारपाच वेळा रिफ्रेश मारायचं, म्हणजे मशीन 'गरम' होते. ते खोटं का?

जुना_मोडेम
गुरुजी, नमस्कार. त्याने फक्त डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात. बोटाला व्यायाम होतो तेवढाच.

टेम्प आणि प्रीफेचचंही तसंच. टेम्प उडवल्याने डिस्कवर जागा होते, नेटशी संबंध नाही. प्रीफेच फोल्डरमध्ये प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून केलेल्या नोंदी असतात, त्या उडवल्या की पुढच्या वेळी उलट उशीर लागतो. ब्राउझरची कॅश रोज साफ करणं तर स्वतःच्या पायावर धोंडा. जी चित्रं एकदा उतरवली होती ती पुन्हा उतरवत बसता. आणि ते बूस्टर आधी काढून टाका. फुकट बूस्टर स्वतःच जाहिराती उतरवत बसतात.

फायबरवाला_पोऱ्या
कापूसकोंड्याभाऊ, मूळ गोष्ट राहूनच गेली. राऊटर नेमका कुठं ठेवला? अन् मागच्या खोलीत वायर आहे का वायफाय?

कापूसकोंड्या
वायफाय. कॉम्प्युटरला ते छोटं बोंडासारखं यूएसबी लावलं आहे. राऊटर समोरच्या खोलीत, आतल्या भिंतीच्या खिडकीत. मुद्दाम तिथे ठेवला की मागे सिग्नल जावा. भिंत जुनी आहे, मातीविटांची, चांगली दीड हात जाड.

फायबरवाला_पोऱ्या
अन् कूलर?

कापूसकोंड्या
मधल्या खोलीत. त्याच खिडकीच्या पुढ्यात, लोखंडी. दुपारी अकराला सुरू होतो तर... अरे.

फायबरवाला_पोऱ्या
झालं! एप्रिल-मेमधल्या निम्म्या तक्रारी याच राहतात. लोखंडाची पेटी, त्यात पाण्यानं भरलेली टाकी, तिन्ही बाजूनं ओल्या जाळ्या. वायफायले याच्यापेक्षा मोठी भिंत कोणी बांधून देत नाही. एवढ्या जाड भिंतीपलीकडे थोडाफार जात होता तो खिडकीतूनच जात होता. तिथंच तुम्ही कूलर लावला.

एक करा. मोबाइल घेऊन राऊटरजवळ उभे राहा, स्पीड पाहा. मग मागच्या खोलीत पाहा. दोन आकडे इथं टाका.

कापूसकोंड्या
पाहिलं. राऊटरजवळ ३८. मागच्या खोलीत ४, मध्येच २. कूलर ओढून बाजूला केला तर ११.

जुना_मोडेम
म्हणजे लाइन एकदम ठणठणीत. कॉम्प्युटरही निर्दोष. आता कूलर बाजूला ठेवून मे महिना काढा असं कोणी यवतमाळ जिल्ह्यात सांगू शकत नाही. तेव्हा सरळ आठ तारांची वायर टाका मागच्या खोलीपर्यंत. टिनाच्या कडेकडेने नेली तर भिंत फोडायचीही गरज नाही. फक्त घराबाहेरून उघड्यावर नेऊ नका, पावसाळ्यात वीज कडाडली की राऊटरचं पोर्ट जातं.

शहरातले व्हिडिओ 'चॅनेल बदला, १, ६ की ११' सांगतात. तिथे एका इमारतीत चाळीस राऊटर असतात म्हणून ते ठीक आहे. तुमच्या आजूबाजूला किती राऊटर आहेत? एखादा. चॅनेल बदलून कूलर पारदर्शक होणार नाही.

सेलूची_सून
आमचाही कूलर खिडकीत आहे. उद्या टेस्ट लावते.

पुण्यात_विदर्भी
कॉम्प्युटरमध्ये करण्यासारखी एक खरी गोष्ट सांगतो, म्हणजे भाच्याची अगदीच निराशा नको. विंडोज १० पासून 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सोय आहे. ती चालू असली आणि इंटरनेटवरच्या इतर कॉम्प्युटरांना परवानगी असली, तर तुमच्याकडे आलेले अपडेट तुमचा कॉम्प्युटर दुसऱ्यांनाही पाठवतो. अपलोड कमी असलेल्या लाइनवर हे जाणवतं. सेटिंगमधून बंद करता येतं. आणि डोंगलवाल्यांनी कनेक्शनला 'मीटर्ड' (मोजून डेटा मिळणारं) अशी खूण करावी, मग विंडोज बहुतेक अपडेट थोपवून धरतं.

संत्राबर्फी
आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. बातम्यांच्या साइट्स अर्ध्या वेळेत उघडतात आमच्याकडे.

वऱ्हाडी_ठेचा
बरं, मायं एक सांगा. आमच्या गावात केबलवाल्याचं नेट हाय. रोज रातच्या दहाले जाते म्हंजे जाते, सकाळी सहाले येते. मी म्हणतो कंपनीच बंद करते, झोपले म्हणून. राऊटरले बॅटरीबी घेतली, तरी तेच.

फायबरवाला_पोऱ्या
कंपनी घड्याळ लावून बंद नाही करत. बॅटरीचा व्होल्ट-अँपिअर बरोबर आहे ना? राऊटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असलं तर बॅटरीबी १२ चीच पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा
१२ चीच हाय. राऊटर चालू राह्यते, लाइट हिरवे. नेट नसते.

फायबरवाला_पोऱ्या
मग घरातलं नाही ते. मोठ्या कंपनीच्या फायबरात मधात जो फाटे फोडणारा डबा असते त्याले वीज लागत नाही. पण छोटे केबलवाले खांबावर नेटवर्कचा स्विच, म्हणजे घरोघरी लाइन वाटणारं यंत्र, लावतात, त्याले लागते. तुमच्या गल्लीत खांबावर पंख्याचा आवाज करणारा लोखंडी डबा आहे का? त्याची लाइट कोणाच्या घरून घेतली?

वऱ्हाडी_ठेचा
डबा हाय. वायर खाली गेली ते... थांबा, पाहून येतो.

वऱ्हाडी_ठेचा
पानठेल्यातून घेतली हाय. तो दहाले मेन स्विच पाडून घरी जाते.

फुकट_फौजदार
😂😂 इकडे ठेचाभाऊ रजिस्ट्रीतून २० टक्के काढत बसले.

वऱ्हाडी_ठेचा
हसू नका बे. केबलवाल्याले फोन लावला, तो म्हणते पानठेलेवाला महिन्याचे दोनशे मागते रातभर चालू ठेवाचे. गल्लीत आठ घरं. घरटी पंचवीस पडते. उद्या सकाळी खर्रा घ्याले जातो तवा बोलतो त्याच्याशी.